‘मशीन घ्या, माल आम्ही घेतो’: पैसे भरण्याआधीची चौकशी, योग्य क्रमानं

जीएसटीचं आणि हिशेबाचं काम करतो, त्यामुळे ‘आमचं मशीन विकत घ्या, त्यावर केलेला माल आम्हीच विकत घेऊ’ असल्या योजनांच्या फाइल घेऊन लोक माझ्याकडे येतात. आत करारनामा, उद्यम (छोट्या उद्योगाच्या सरकारी) नोंदणीचं प्रमाणपत्र, रंगीत माहितीपत्रक, आणि सगळ्यात खाली पैसे भरल्याची पावती. “एकदा नजर टाका, सगळं बरोबर आहे ना?” पावतीची तारीख मागच्या आठवड्यातली असते. आता नजर टाकून काय करणार!

चौकशी सगळेच करतात, पण क्रम उलटा. आधी टोकन भरतात, मग कारखाना बघून येतात, नंतर करार वाचतात. बाजारभाव सगळ्यात शेवटी विचारतात, तोही माल नाकारून परत आल्यावर. खाली क्रम सरळ केला आहे. उदाहरण वाती बनवायच्या मशीनचं घेतलंय, कारण फेसबुक-इन्स्टाग्रामवर ते रोज दिसतं. द्रोण-पत्रावळी, अगरबत्ती, कापूर, मसाला पॅकिंग, छोटी फ्रँचायझी, सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो.

आधी चाळणी: ज्यावर वेळच घालवायचा नाही

काही जाहिरातींना पुढच्या पायऱ्या लावायची गरजच नाही.

घरी पेन्सिल पॅकिंगचं काम आणि त्यासाठी आधी ‘नोंदणी फी’: सोडून द्या. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

डेटा एंट्रीचं काम, सोबत करार, आणि करारात ‘अचूकता कमी पडल्यास दंड’: तेही सोडा. इथं उत्पन्न तुमच्या टायपिंगचं नसतंच. चुका काढून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवायची आणि तडजोडीचे पैसे उकळायचे, हाच धंदा असतो.

टेलिग्रामवर लाइक आणि रेटिंगची ‘टास्क’: पहिले शे-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात. ते गळाला लावलेलं आमिष आहे.

माणसं जोडल्याचे पैसे: अशा साखळीला १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही. दरमहा ठरावीक परतावा देणाऱ्या अनधिकृत ठेव योजनांवर २०१९ चा केंद्रीय कायदा आहे. शेअर बाजाराच्या टिप्स देणारा असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत शोधा. नसेल तर विषय संपला.

आणि ‘तुमचं बँक खातं फक्त वापरायला द्या, कमिशन मिळेल’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. त्यात पैसे बुडण्यापेक्षा वाईट गोष्ट होते, पोलीस दारात येतात.

पायरी १: फॉर्म भरण्याआधीची तयारी

जाहिरातीखालचा ‘अधिक माहितीसाठी नंबर द्या’ हा फॉर्म आज भरू नका. नंबर गेला की अर्ध्या तासात फोन सुरू होतात, आणि मग चौकशी तुमच्या गतीनं होत नाही. एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा.

१. किती रुपये बुडाले तरी घर चालेल. हा आकडा घरातल्या दुसऱ्या माणसासमोर लिहायचा.

२. या व्यवहारात मी कोण? गिऱ्हाईक, कामगार की गुंतवणूकदार? मशीन विकत घेतो म्हणजे मी गिऱ्हाईक. जाहिरात मला ‘उद्योजक’ म्हणते, ती गोष्ट वेगळी.

३. माझ्याकडे येणारा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येणार? ही ओळ आज कोरी ठेवा. चौथ्या पायरीला भरायची आहे.

कर्ज काढून करायचं असेल तरी चौकशी आधी, बँक नंतर. ‘मुद्रा लोन आम्ही करून देतो’ म्हणणारा विक्रेता कर्ज देत नाही, तुमची कागदपत्रं गोळा करतो.

पायरी २: पान किती जुनं आहे

दहा मिनिटांचं काम आहे. फेसबुक पानाच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ असतं. पान कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथं दिसतं. इन्स्टाग्रामवर ‘या अकाउंटबद्दल’ उघडलं की खातं कधीचं ते कळतं. वेबसाइटचं वय ‘हू इज’ (WHOIS) शोधात, म्हणजे वेबसाइटच्या नावाची नोंद कधीची ते दाखवणाऱ्या शोधात, सापडतं.

‘पंधरा वर्षांचा विश्वास’ लिहिलेल्या पानाचं वय सात महिने निघालं आणि आधी त्यावर साड्या विकल्या जात होत्या असं दिसलं, तर वहीत नोंद करा. कारखान्याचे फोटो गूगल लेन्समध्ये टाका, बऱ्याचदा तोच कारखाना चिनी विक्रेत्याच्या पानावर सापडतो. गूगलवरचे अभिप्राय वाचताना क्रम ‘सर्वात नवे’ असा लावा. एकाच आठवड्यात तीस जणांनी पाच तारे दिले आणि त्यांतल्या कोणीच दुसऱ्या कशाबद्दल कधी एक ओळ लिहिलेली नाही, तर ते तारे मोजू नका.

*थांबा:* इथं सगळं चकाचक निघालं तरी ‘खरं आहे’ असा निकाल देऊ नका. जुनं पान विकतही मिळतं.

पायरी ३: कोणता कागद काय सिद्ध करतो

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेली सहा प्रमाणपत्रं बघून माणूस गार पडतो.

उद्यम नोंदणी आधारवर, स्वतःच दिलेल्या माहितीवर, फुकट होते. ती सरकारची शिफारस नव्हे. शॉप ॲक्टखाली छोट्या दुकानाला नुसती सूचनेची पावती मिळते. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते खासगी संस्था देतात, आणि त्यांतही डावं-उजवं असतं. नावापुढे टीएम लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येतो. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की सही करणारा माणूस समोर होता. करारातलं खरं की खोटं याच्याशी नोटरीचा संबंध नाही.

खरं बोलणारे कागद दोन, आणि दोन्ही विक्रेत्याकडून न घेता स्वतः काढायचे.

पहिला जीएसटीचा. पंधरा अक्षरी क्रमांक मागा. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकलं की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते दिसतं. लोक इथंच थांबतात. खाली रिटर्न भरल्याचा तक्ता असतो, तो उघडा. तिमाही भरणाऱ्याचे तीन महिन्यांतून एकदा दिसतील, त्याला हरकत नाही. पण वर्षभर रिटर्नच नाही आणि बिल मात्र १८ टक्के लावून देतो, तर तुमचा कर सरकारकडे गेलेला नाही. ‘आमची उलाढाल कमी, म्हणून जीएसटी नाही’ हे उत्तर परराज्यातून मशीन विकणाऱ्यानं दिलं तर ते चूक आहे. राज्याबाहेर माल विकणाऱ्याला ती सूट नाही.

दुसरा कागद कंपनीचा. नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘कंपनी मास्टर डेटा’ बघा. लॉगिन मागितलं तर खातं मोफत उघडतं. कंपनीच्या २१ अक्षरी क्रमांकातच राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष असतं. भरणा झालेलं भांडवल आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा तेही बघा. शंभर रुपये भरले की दाखल केलेले कागद वाचायला मिळतात. लाखभर गुंतवायला निघालेला माणूस हे शंभर वाचवतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. ‘पाच हजार महिलांना रोजगार’ म्हणणाऱ्या कंपनीची वर्षाची विक्री नफा-तोटा पत्रकात चाळीस लाख दिसली, तर गणित तुम्हीच करा.

उलटही होतं बरं का. माझ्या एका पक्षकाराला कागदी प्लेटचा कच्चा माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे वेबसाइट नाही, कार्डावर अजून लँडलाइनचा नंबर आहे, आणि गाळ्यात बसायला खुर्ची नसते. त्याचं रिटर्न दर महिन्याला तारखेच्या आत. पहिल्यांदा बघून हा पक्षकार परत फिरणार होता.

पायरी ४: बाजारभाव, आणि कोऱ्या ओळीचं उत्तर

एकच पायरी करायची असेल तर ही करा.

जाहिरात साधारण अशी असते: मशीन १,४५,००० रुपये. कापूस आम्ही ३२० रुपये किलोनं देऊ, तयार वाती ६२० नं घेऊ. किलोमागे ३०० सुटले. दिवसाला सहा किलो, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४६,८०० रुपये. घरबसल्या.

(आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या जाहिरातीतले घाला.)

आता बाहेर पडा. पूजासाहित्याच्या घाऊक बाजारात जा: मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठ, नागपुरात इतवारी, नाहीतर तुमच्या तालुक्याचा होलसेलवाला. त्याला ‘वाती कितीला देता’ विचारू नका. ‘महिन्याला शंभर किलो वाती आणून दिल्या तर कितीला घ्याल, आणि पैसे किती दिवसांनी?’ असं विचारा. विकण्याचा भाव आणि घेण्याचा भाव यांत मोठं अंतर असतं, आणि तुम्ही विकणारे होणार आहात. तीन दुकानं करा.

समजा भाव निघाला ४८०. मग कंपनी ६२० नं का घेते? बाजारात ४८० ला जाणारी वस्तू ६२० ला घेऊन किलोमागे १४० रुपयांचा खड्डा ती कशानं भरते?

त्याचं उत्तर मशीनमध्ये आहे. राजकोट किंवा कोइम्बतूरकडच्या दोन-तीन मशीन बनवणाऱ्यांकडून त्याच मशीनचं कोटेशन मागवा. समजा ७०,००० निघालं. म्हणजे तुमच्या मशीनवर कंपनीनं ७५,००० जास्त घेतले. त्या ७५,००० ला १४० नं भागा: ५३५ किलो. रोजच्या सहा किलोनं ८९ दिवसांचं काम, म्हणजे सव्वातीन-साडेतीन महिने. तेवढा काळ कंपनी तुमचा माल चढ्या भावानं बिनबोभाट घेऊ शकते, आणि तो पैसा तुमचाच असतो. कापूस विकण्यात नफा धरला तर मुदत आणखी लांबते. याच काळात तुमच्या समाधानाचा व्हिडिओ काढून होतो आणि तुमच्या बहिणीनं, साडूनं मशीन घेतलेलं असतं.

चौथ्या महिन्यात वाती ‘दर्जात बसत नाहीत’.

सांगलीकडच्या लोकांना २०१९ चं कडकनाथ कोंबडीचं प्रकरण आठवत असेल. पक्षी आम्ही देतो, अंडी चढ्या भावानं आम्ही घेतो. वस्तू बदलली, मांडणी तीच.

आता वहीतली कोरी ओळ भरा. पैसा वाती विकत घेणाऱ्या दुकानदाराकडून येत असेल तर पुढे जा. मशीन घेणाऱ्या पुढच्या माणसाकडून येत असेल तर वही बंद करा.

*तपासा:* बाजारात मिळणाऱ्या भावानं, कंपनीला पूर्ण वगळून, हिशेब पुन्हा मांडा. वाया जाणारा कापूस, वीज, दोन्ही बाजूंचं भाडं आणि पॅकिंग धरा. घरगुती मीटरवर धंदा चालवता येईल का, तेही महावितरणच्या कार्यालयात विचारा. मग जे उरेल ते तुमचं. ते चार हजार असेल आणि तुम्हाला चालत असेल, तर मशीन राजकोटहूनच मागवा.

पायरी ५: आता फोन करा

प्रश्न लिहून घ्या, नाहीतर समोरचा बोलत राहतो आणि तुम्ही ‘हो सर’ म्हणत राहता.

‘गेल्या महिन्यात किती किलो वाती विकल्या, कोणाला?’
‘दर्जा कशावर ठरतो? लेखी माप आहे का?’
‘तुम्ही दिलेल्या कापसाऐवजी बाहेरचा वापरला तर माल घ्याल?’
‘नाकारलेला माल परत कोणाच्या भाड्यानं येतो?’

उत्तरं तशीच्या तशी उतरवा आणि शेवटी म्हणा, “हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.” खरा धंदेवाला लिहितो, कधी चिडून लिहितो, पण लिहितो. दुसरा म्हणतो, “सर, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे, तुम्ही टोकन टाका, बाकी मी बघतो.” घाईला उत्तर एकच, “मग पुढच्या ऑफरला घेतो.”

पायरी ६: आधी घेतलेल्यांना शोधा, कंपनीच्या यादीबाहेर

कंपनी तीन नंबर देते. ते तिघं छान बोलतात, कारण त्यांना नवीन माणसामागे काहीतरी मिळतं, नाहीतर ते अजून पहिल्या तीन महिन्यांत असतात. विचारायचंच असेल तर ‘मशीन कधी घेतलं’ आणि ‘पैसे कोणत्या खात्यातून येतात’ एवढं विचारा. कमाईचे स्क्रीनशॉट बघू नका, ते बनवता येतात. कमिशन मिळतं म्हणणाऱ्याला आयकर पोर्टलवरचा २६एएस, म्हणजे त्याच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, दाखवायला सांगा. ठरावीक रकमेवरच्या कमिशनवर कंपनी टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते आणि तो तिथं दिसतो.

माझी आवडती जागा मात्र ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. त्याच मशीनचं नाव टाका. ‘वाती मशीन, दोन महिने वापरलेलं, अर्जंट विकणे’ अशा पाच-सहा जाहिराती वेगवेगळ्या जिल्ह्यांतून निघाल्या तर फोन लावा. “ताई, विकताय का?” एवढंच विचारायचं. पुढची पंधरा मिनिटं त्या बोलतात. माझ्या आतेभावाच्या मशीनची खरी माहिती अशीच मिळाली, पण तेव्हा त्यानं पैसे भरून झाले होते. फोन ठेवून तो म्हणाला, “दादा, ही बाई महिन्यापूर्वी भेटायला पाहिजे होती.” तिची जाहिरात तीन महिने तिथंच होती.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं खटले शोधता येतात. कंपनी जिथली, तो जिल्हा निवडा.

पायरी ७: भेट

न सांगता जा. सांगून गेलात तर चहा, हार आणि सेल्फी मिळेल. सोबत एक वजनकाटा आणि बाहेरून घेतलेला दोन किलो कापूस न्या. मशीन स्वतः एक तास चालवा, निघालेल्या वाती आणि वाया गेलेला कापूस वेगवेगळा तोला. तासाला चारशे ग्रॅम निघाल्या तर दिवसाला सहा किलोसाठी पंधरा तास बसावं लागेल. माझ्या माहितीत आजवर एका बाईनं असा काटा नेला. तिला ‘आज लाइट नाही’ असं सांगितलं गेलं. पंखा चालू होता.

तयार मालाचं गोदाम दाखवा म्हणा. माल घेऊन विकणाऱ्याकडे पोती भरलेली असतात आणि टेम्पो येत-जात असतो. नुसती मशीनच ओळीनं उभी असतील तर तिथं कशाचा धंदा चालतो ते डोळ्यांनी दिसतं.

पायरी ८: करार, शेवटच्या पानापासून

मसुदा आधी मागवा आणि घरी वाचा. सही करायच्या टेबलावर पहिल्यांदा वाचायचा नाही. ‘कंपनीनं दर्जा मान्य केल्यास’ हे शब्द शोधा. माप दिलेलं नसेल, म्हणजे लांबी, जाडी, ओलावा, काहीच नसेल, तर माल घेण्याची हमी करारात नाही. ‘बाजारभावानुसार दर बदलण्याचा अधिकार’ असेल तर ६२० चा आकडाही गेला. पैसे किती दिवसांत, उशीर झाला तर काय, मशीन परत घेणार का आणि कितीला, हे नसेल तर लिहून घ्या. ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ हे कलम बहुतेक करारांत असतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, पण व्यापारासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तरच बसते. म्हणून करारात ‘स्वयंरोजगारासाठी’ हा शब्द घालून घ्या.

पायरी ९: पैसे

कंपनीच्या नावाच्या चालू खात्यातच भरा. यूपीआयवर दिसणारं नाव करारातल्या नावाशी जुळत नसेल तर बोट मागे घ्या. ‘मॅनेजरचं खातं आहे’ चालत नाही. रोख नको. आधी कोटेशन, मग हप्त्यानं पैसे, शेवटचा हप्ता मशीन घरी चालल्यावर. कर बिलावर जीएसटी क्रमांक आणि मशीनचा अनुक्रमांक असलाच पाहिजे.

पैसे आधीच गेले असतील तर

ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून आधी ‘समजुतीनं मिटवू’ म्हणत दिवस घालवू नका. बँकेलाही लेखी कळवा. मशीन मिळालंय पण माल घेत नाहीत, असं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि वकिलामार्फत नोटीस पाठवण्याआधी सगळे व्हॉट्सॲप संदेश, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कुरिअरच्या पावत्या आणि नाकारलेल्या मालाचं वजन एका जागी जमवा. जाहिरात आधी जपा, ती पहिली गायब होते.

नंतर आठवड्या-पंधरवड्यात एक फोन येईल. ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रिया फी भरा.’ त्याला रक्कम, तारीख, मशीनचं नाव सगळं ठाऊक असेल. तुमचा नंबर त्याला फसवणाऱ्यांच्याच यादीतून मिळालेला असतो.